वेस्टमिन्स्टर ॲबी: राजा आधीच राजा असतो, मग राज्याभिषेक कशासाठी?

८ सप्टेंबर २०२२ रोजी राणी एलिझाबेथ दुसऱ्या यांचं निधन झालं आणि त्याच क्षणी चार्ल्स ब्रिटनचे राजे झाले. मुकुट नाही, मिरवणूक नाही, धर्मगुरू नाहीत. ब्रिटनच्या कायद्यानुसार गादी एक क्षणही रिकामी राहत नाही. पुढचे जवळपास आठ महिने त्यांनी राजाची सगळी कामं केली. संसदेने मंजूर केलेल्या कायद्यांना संमती दिली, ऑक्टोबरमध्ये ऋषी सुनक यांची पंतप्रधान म्हणून नेमणूक केली. आणि मग ६ मे २०२३ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या जुन्या चर्चमध्ये त्यांच्या डोक्यावर मुकुट ठेवला गेला.

साहजिकच प्रश्न पडतो. जो आधीच राजा आहे त्याला पुन्हा राजा करायचं कशाला? आठव्या एडवर्डचा तर राज्याभिषेक झालाच नाही. १९३६ च्या जानेवारीत तो गादीवर आला आणि डिसेंबरात गादी सोडून मोकळा झाला. मुकुट घातला नव्हता म्हणून त्याच्या सह्या कुणी खोट्या ठरवल्या नाहीत. त्याचं गादी सोडणंसुद्धा कायदेशीर ठरलं, कारण तो पुरेपूर राजा होता.

उत्तर थोडक्यात असं: एके काळी राज्याभिषेक झाल्याशिवाय माणूस राजा होतच नसे. आज या विधीने सत्ता मिळत नाही. मिळालेल्या सत्तेला शपथेने बांधून घेतलं जातं. हे दोन्ही काळ ॲबीच्या रचनेत एकमेकांवर चढलेले आहेत. म्हणून हा विधी समजून घ्यायचा तर कायद्याच्या पुस्तकाआधी ती इमारत नीट पाहावी, असं मला मनापासून वाटतं.

आज ॲबीच्या चारही बाजूंना लंडन शहर आहे. हजार वर्षांपूर्वी तिथे टेम्स नदीकाठचं दलदलीचं बेट होतं आणि दहाव्या शतकात त्यावर बेनेडिक्टाइन पंथाच्या साधूंचा मठ उभा राहिला. राजा एडवर्डने, ज्याला पुढे संतपद मिळालं आणि जो ‘एडवर्ड द कन्फेसर’ म्हणून ओळखला जातो, या मठासाठी मोठं दगडी चर्च बांधलं. २८ डिसेंबर १०६५ ला त्याचं उद्घाटन झालं तेव्हा राजा इतका आजारी होता की तो येऊ शकला नाही. आठवड्याभरातच तो गेला आणि त्याच चर्चमध्ये त्याला पुरलं. त्याला मूलबाळ नव्हतं. दफनाच्या दिवशीच हॅरॉल्ड नावाच्या बलाढ्य सरदाराने मुकुट घातला. इतकी घाई का, हे पुढे येईलच. ऑक्टोबरात फ्रान्समधल्या नॉर्मंडीचा सरदार विल्यम समुद्र ओलांडून आला, हेस्टिंग्जच्या लढाईत हॅरॉल्ड मारला गेला आणि इंग्लंड विल्यमच्या हाती पडलं.

लढाई जिंकूनही विल्यम राजा झाला नव्हता. लोकांच्या लेखी तो परका, तलवारीच्या जोरावर आलेला. त्याचा दावा होता की एडवर्डने आपल्याला गादीचं वचन दिलं होतं. मग हा दावा जगाला पटवायचा कुठे? एडवर्डच्या थडग्याशेजारी! म्हणून त्याने ॲबी निवडली आणि १०६६ च्या नाताळच्या दिवशी तिथे राज्याभिषेक करवून घेतला.

त्या दिवशी जे घडलं त्यात या विधीचा सगळा अर्थ आहे. जमलेल्या लोकांना विचारायचं होतं, हा राजा तुम्हाला मान्य आहे का? यॉर्कच्या आर्चबिशपने इंग्रजीत विचारलं, एका नॉर्मन बिशपने फ्रेंचमध्ये. लोकांनी दोन्ही भाषांत मोठ्याने होकार भरला. बाहेर पहाऱ्यावर असलेल्या नॉर्मन सैनिकांना आतला आरडाओरडा ऐकून दगाफटका झाला असं वाटलं आणि त्यांनी आजूबाजूच्या घरांना आगी लावल्या. आतली माणसं बाहेर पळाली. मोजके धर्मगुरू तेवढे वेदीपाशी उरले आणि थरथर कापणाऱ्या विल्यमचा विधी त्यांनी कसाबसा पुरा केला. पुढच्या पिढीतल्या ऑर्डेरिक व्हायटॅलिस या साधूने हा प्रसंग लिहून ठेवला आहे.

आता विचार करा. हेस्टिंग्जला ज्याने एक अख्खं सैन्य मोडलं, तो विजेता आगीच्या धुरात विधी अर्धा सोडून निघून गेला नाही. कारण लोकांचा होकार, शपथ, पवित्र तेलाचा अभिषेक आणि मुकुट यांच्याशिवाय तो फक्त जेता होता. राजा व्हायचं तर विधी पुरा व्हायलाच हवा होता.

त्या काळी जुना राजा मेला आणि नव्याचा राज्याभिषेक झाला, या दोन्हींच्या मधल्या काळात देशाला राजाच नसे. राजाच्या कारकिर्दीची वर्षं मोजायची तीही राज्याभिषेकाच्या दिवसापासून. मधल्या दिवसांत जो आधी ॲबी गाठेल त्याचं पारडं जड. हॅरॉल्डची घाई यासाठीच होती. ११०० सालचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. २ ऑगस्टला राजा विल्यम रूफस शिकारीत बाण लागून मेला. मोठा भाऊ रॉबर्ट धर्मयुद्धावरून परतीच्या वाटेवर होता. धाकट्या हेन्रीने लगेच घोडा विंचेस्टरला हाकला, खजिना ताब्यात घेतला आणि ५ ऑगस्टला वेस्टमिन्स्टरला मुकुट घालून घेतला. अवघ्या तीन दिवसांत! रॉबर्ट पोचला तोवर गादी गेलेली होती.

पण या घाईची किंमत हेन्रीला मोजावी लागली. ज्याचा हक्क कच्चा असतो त्याला लोकांचा पाठिंबा मागावा लागतो. राज्याभिषेकाच्या वेळी हेन्रीने एक सनद काढली. आधीच्या राजाने चर्चवर आणि सरदारांवर लादलेल्या जाचक गोष्टी आपण करणार नाही, असं त्यात लिहून दिलं होतं. शंभरेक वर्षांनी सरदारांनी राजा जॉनला कोंडीत पकडलं तेव्हा ही जुनी सनद त्यांच्या कामी आली आणि त्यातूनच राजाच्या अधिकारांना मर्यादा घालणारा १२१५ चा मॅग्ना कार्टा हा करारनामा आकाराला आला. राज्याभिषेकाकडे नुसता थाटमाट म्हणून पाहणं मला म्हणूनच पटत नाही. राजा सर्वांत जास्त गरजू असतो तो मुकुट मिळण्याच्या आधीच्या घडीला, आणि त्याच घडीला त्याच्याकडून वचन घेता येतं. ही गोष्ट त्या लोकांनी फार लवकर ओळखली होती.

मुकुट ठेवण्याचा मान कुणाचा, यावरूनही रक्त सांडलं आहे. हा मान कँटरबरीच्या आर्चबिशपचा, म्हणजे इंग्लंडमधल्या सर्वांत वरच्या धर्मगुरूचा. ११७० मध्ये दुसऱ्या हेन्रीने आपल्या हयातीतच मुलाचा राज्याभिषेक उरकला, तोही यॉर्कच्या आर्चबिशपकडून, कारण कँटरबरीच्या थॉमस बेकेटशी त्याचं वैर होतं. बेकेटने त्या विधीत सामील झालेल्या बिशपांवर कारवाई केली, राजा भडकला आणि त्याच डिसेंबरात चार सरदारांनी बेकेटला त्याच्याच कॅथेड्रलमध्ये ठार मारलं.

आज आपण पाहतो ती इमारत मात्र एडवर्डची नाही. ती बांधली तिसऱ्या हेन्रीने, आणि त्याची स्वतःची कहाणी या बांधकामाशी जोडलेली आहे. १२१६ मध्ये तो गादीवर आला तेव्हा अवघा नऊ वर्षांचा होता. लंडन बंडखोरांच्या आणि फ्रेंच राजपुत्राच्या ताब्यात होतं, त्यामुळे राज्याभिषेक ग्लॉस्टरला उरकावा लागला. चार वर्षांनी, १२२० मध्ये, वेस्टमिन्स्टरला त्याचा राज्याभिषेक पुन्हा केला गेला. ठरलेल्या जागी, ठरलेल्या रीतीने झाला नाही तर तो पुरेसा मानत नसत, याचा याहून चांगला पुरावा कुठला? मोठेपणी हा राजा संत एडवर्डचा निस्सीम भक्त झाला. आपल्या मुलाचं नावही त्याने एडवर्ड ठेवलं. १२४५ मध्ये त्याने जुन्या चर्चचा पूर्वेकडचा भाग पाडून नवं बांधकाम सुरू केलं. फ्रान्सचे राजे ज्या रीम्स शहरातल्या कॅथेड्रलमध्ये मुकुट घालत, त्याच्या तोडीस तोड इमारत त्याला हवी होती. छत सुमारे ३१ मीटर उंच गेलं; इंग्लंडमधल्या मध्ययुगीन गॉथिक चर्चमध्ये इतकी उंच दगडी कमानींची छतं दुसरीकडे नाहीत. १२६९ मध्ये एडवर्डचे अवशेष नव्या समाधीत ठेवले गेले.

इमारतीचा आराखडा क्रुसाच्या आकाराचा आहे. पश्चिमेला मोठं दार आणि तिथून सुरू होणारं लांबट दालन, त्याला नेव्ह म्हणतात. पूर्वेच्या टोकाला मुख्य वेदी आणि तिच्या मागे एडवर्डची समाधी. उत्तरेला आणि दक्षिणेला दोन बाहू. हे सगळे भाग जिथे एकमेकांना छेदतात तो मधला चौक म्हणजे क्रॉसिंग. मठांच्या चर्चमध्ये साधूंना रोजच्या प्रार्थनेला बसायची लाकडी आसनं असतात आणि पुष्कळ ठिकाणी ती या चौकातच शिरलेली असतात. हेन्रीच्या कारागिरांनी ती आसनं पश्चिमेला नेव्हमध्ये सरकवली. त्यामुळे वेदीसमोरचा चौक पूर्ण मोकळा राहिला.

बारकाईने पाहिलं की कळतं, हा चौक राज्याभिषेकासाठीच मोकळा ठेवलेला आहे. विधीच्या वेळी तिथे उंच चौथरा उभारतात आणि त्याला चक्क ‘थिएटर’ असंच म्हणतात. दोन्ही बाहूंमध्ये उमराव आणि पाहुणे बसतात, मागे गायकवृंद, पुढे वेदी. कमानींच्या वर जो मजला आहे तो इतका प्रशस्त आहे की जुन्या राज्याभिषेकांना तिथेही माणसं बसवत. राजाला लोकांनी मान्यता द्यायची तर तो लोकांना दिसला पाहिजे, त्यांचा आवाज त्याच्यापर्यंत पोचला पाहिजे. १०६६ चा तो प्रश्न इथे दगडात बांधून ठेवला आहे. २०२३ मध्येही चार्ल्स याच चौकात उभे राहिले, चारही दिशांना वळले आणि दर दिशेला लोकांनी ‘गॉड सेव्ह किंग चार्ल्स’ असा प्रतिसाद दिला. विधीच्या या पहिल्या टप्प्याला मान्यता म्हणतात. आज तिथे कुणी ‘नाही’ म्हणणार नाही हे उघड आहे, पण प्रश्न काढून टाकलेला नाही आणि तो टाकू नये असंच मला वाटतं.

हेन्रीने आयुष्य ओतून राज्याभिषेकासाठी ही वास्तू उभी केली आणि तो जाताच राज्याभिषेकाची कायदेशीर गरजच संपायला लागली. १२७२ च्या नोव्हेंबरात तो वारला तेव्हा मुलगा एडवर्ड धर्मयुद्धावर, दूर परदेशात होता. सरदारांनी त्याची वाट पाहिली नाही. हेन्रीच्या दफनाच्या दिवशीच नव्या राजाच्या नावाने द्वाही फिरवली आणि कारकीर्द त्या दिवसापासून मोजली. पहिला एडवर्ड आरामात परतला आणि १२७४ च्या ऑगस्टमध्ये, पावणेदोन वर्षांनी, त्याचा राज्याभिषेक झाला. मधल्या काळात कुणी गादी पळवली नाही. पुढे हीच रीत पक्की होत गेली. अर्थात कायदा पक्का झाला म्हणून धोका टळतोच असं नाही. १४८३ मध्ये बारा वर्षांच्या पाचव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाची तयारी चालू असतानाच काका रिचर्डने गादी बळकावली आणि तो मुलगा पुन्हा कुणाला दिसला नाही.

याच पहिल्या एडवर्डने ॲबीला तिची सर्वांत प्रसिद्ध वस्तू दिली. १२९६ मध्ये त्याने स्कॉटलंडवर स्वारी केली आणि स्कॉटिश राजे ज्या शिळेवर बसून राजे होत ती शिळा उचलून आणली. तांबूस वाळुकाश्माचा साधा ठोकळा, वजन सुमारे १५२ किलो. ती ठेवण्यासाठी त्याने ओक लाकडाची खुर्ची करवून घेतली. बैठकीखाली शिळा, वर इंग्लंडचा राजा. यापुढे स्कॉटलंडवरही आमचीच हुकमत, हा संदेश एका खुर्चीतून दिलेला होता.

खुर्ची १३०० च्या सुमाराला तयार झाली. तेव्हा तिच्यावर सोन्याचा मुलामा, पक्षी, वेली आणि राजाचं चित्र होतं. आज पाहाल तर मुलामा बहुतेक उडालेला, लाकूड काळवंडलेलं, आणि पाठीवर, बैठकीवर नावंच नावं कोरलेली. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात शेजारच्या शाळेतली मुलं आणि पाहुणे बिनदिक्कत चाकू चालवायचे. बैठकीवर एकाने लिहून ठेवलंय की पी. ॲबट ५–६ जुलै १८०० ला या खुर्चीत झोपला. ११ जून १९१४ ला तिच्याजवळ बॉम्ब फुटला आणि एक कोपरा उडाला. स्त्रियांना मतदानाचा हक्क मागणाऱ्या चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी तो ठेवल्याचं मानलं जातं. दुसऱ्या महायुद्धात खुर्ची ग्लॉस्टरला हलवली आणि शिळा ॲबीतच जमिनीत पुरून ठेवली. ही खुर्ची जपायला हवी यात शंका नाही, पण ते ओरखडे घासून काढले नाहीत याचा मला आनंद वाटतो. राजसत्तेकडे सामान्य माणूस कसकसा पाहत आला, याची नोंद इतकी स्पष्ट दुसरीकडे क्वचितच मिळेल.

शिळेचा प्रश्न तर आपल्या डोळ्यांसमोर सुटला. १९५० च्या नाताळला चार स्कॉटिश विद्यार्थ्यांनी ती ॲबीतून पळवली. काढताना तिचे दोन तुकडे झाले. काही महिन्यांनी ती स्कॉटलंडमधल्या आर्ब्रोथच्या मठात सापडली आणि लंडनला परत आली. पण सातशे वर्षांची सल अशी जाते थोडीच? अखेर १९९६ मध्ये ब्रिटिश सरकारने शिळा स्कॉटलंडला सोपवली. फक्त राज्याभिषेकापुरती ती लंडनला आणायची असं ठरलं. २०२३ मध्ये ती आली, खुर्चीखाली बसली, काम झाल्यावर परत गेली. २०२४ पासून ती पर्थच्या संग्रहालयात आहे. लुटून आणलेली वस्तू पाहुणी म्हणून येते आणि मानाने परत जाते, हा बदल मुकुटातल्या कुठल्याही हिऱ्यापेक्षा मोलाचा आहे.

राज्याभिषेकाच्या वेळी ही खुर्ची वेदीकडे तोंड करून ठेवतात आणि ती ज्या जमिनीवर ठेवतात त्या जमिनीबद्दल थोडं थांबून सांगायलाच हवं. वेदीसमोर साडेसात मीटर लांब आणि तितक्याच रुंद चौकोनात रंगीत दगडांची फरसबंदी आहे. १२६८ मध्ये रोमहून आलेल्या ओडोरिकस नावाच्या कारागिराच्या हातची. जांभळे, हिरवे, पिवळे दगड आणि काच यांचे हजारो छोटे तुकडे बसवून वर्तुळं, त्यांना गुंफणारे पट्टे आणि मधोमध एक मोठं वर्तुळ साधलेलं आहे. या कामाला कोस्माती पद्धत म्हणतात. इटलीत असे तुकडे पांढऱ्या संगमरवरात बसवत. इथे इंग्लंडच्या दक्षिणेकडचा काळसर पर्बेक दगड वापरला आहे.

त्या फरसबंदीत पितळी अक्षरांत लॅटिन मजकूर होता. आता मोजकी अक्षरं उरली आहेत, पण पूर्ण मजकूर जुन्या नोंदींतून कळतो. त्यात जग किती वर्षं टिकेल याचं कोडं घातलं आहे. कुंपण तीन वर्षं टिकतं. त्यापुढे कुत्रा, घोडा, माणूस, काळवीट, कावळा, गरुड, देवमासा आणि जग, प्रत्येकाचं आयुष्य आधीच्याच्या तिप्पट. करून पाहा: ३, ९, २७, ८१, २४३, ७२९, २१८७, ६५६१ आणि शेवटी १९,६८३ वर्षं. माणसाच्या वाट्याला यात ८१ येतात. म्हणजे राजाला मुकुट घालायचा तो विश्वाच्या नकाशावर, आरंभापासून अंतापर्यंतच्या काळाच्या मधोमध. सत्तेला तिची जागा दाखवणारी याहून भव्य कल्पना मी तरी पाहिलेली नाही. आणि ही फरसबंदी दीर्घकाळ गालिच्याखाली झाकलेली होती! १९५३ मध्ये एलिझाबेथ यांच्या राज्याभिषेकालाही ती दिसली नाही. २००८ ते २०१० या काळात तिची नीट दुरुस्ती झाली आणि २०२३ मध्ये खुर्ची थेट तिच्यावर ठेवली गेली.

विधीचा सर्वांत पवित्र टप्पा याच जागी होतो. राजाची भरजरी वस्त्रं उतरवतात, तो साध्या सदऱ्यात खुर्चीवर बसतो आणि आर्चबिशप त्याच्या हातांना, छातीला आणि मस्तकाला पवित्र तेल लावतात. बायबलमध्ये सॉलोमन राजाला झेडॉक या धर्मगुरूने असाच तेलाचा अभिषेक केला होता. ९७३ मध्ये बाथ शहरात राजा एडगरच्या राज्याभिषेकाला बायबलमधल्या या प्रसंगाचे शब्द गायले गेले होते, आणि १७२७ मध्ये संगीतकार हँडेलने त्यांना दिलेली चाल आजही प्रत्येक वेळी गायली जाते. तेल काढायचा चमचा बाराव्या शतकातला आहे. १६४९ मध्ये राजाचा शिरच्छेद करून संसदेने मुकुट वितळवले, त्यातून वाचलेल्या मोजक्या वस्तूंपैकी हा एक. दोन किलोहून जड असलेला सेंट एडवर्डचा मुकुट तुलनेने नवा, १६६१ चा आहे. हा तेलाचा विधी कुणाला दाखवत नाहीत. १९५३ मध्ये पहिल्यांदा राज्याभिषेकाचा विधी टीव्हीवर दाखवला, पण या क्षणी राणीवर छत धरलं आणि कॅमेरे वळवले. २०२३ मध्ये तीन बाजूंनी पडदे लावले. बाकी सगळं लोकांसमोर आणि हे मात्र आडोशाला, ही विभागणी मला फार अर्थपूर्ण वाटते.

मुकुट त्यानंतर येतो. टीव्हीवर तोच क्षण शंभरदा दाखवतात. पण कायद्याच्या दृष्टीने पाहिलं तर राज्याभिषेकाचा गाभा त्याच्या कितीतरी आधी, शपथेत उरकलेला असतो.

पूर्वीच्या शपथेत राजा म्हणायचा की इंग्लंडच्या राजांनी प्रजेला बहाल केलेले कायदे आणि रूढी मी पाळीन. म्हणजे कायदा ही राजाची देणगी. १६८५ मध्ये दुसऱ्या जेम्सचा राज्याभिषेक झाला, त्याचं संसदेशी जमेना, आणि १६८८ च्या शेवटी तो देश सोडून पळाला. संसदेने त्याची मुलगी मेरी आणि जावई विल्यम यांना एकत्र गादीवर बसवलं. दोघांचा राज्याभिषेक एकाच वेळी करायचा म्हणून मेरीसाठी तशीच दुसरी खुर्ची करवून घेतली होती. पण त्याआधी संसदेने शपथेचा मजकूरच कायदा करून ठरवून टाकला. आता राजाला वचन द्यावं लागलं की संसदेत संमत झालेल्या कायद्यांनुसार मी राज्य करीन. वाक्य छोटं आहे, पण कायद्याचा उगम राजाकडून संसदेकडे गेला तो या वाक्यात. कायद्याने बंधनकारक असा राज्याभिषेकातला भाग हाच. शपथ घेऊन राजा कागदावर सही करतो, सगळ्यांच्या देखत. २०२३ मध्ये शपथेआधी आर्चबिशपांनी थोडी प्रस्तावना जोडली, की सर्व धर्मांचे लोक मोकळेपणाने जगू शकतील असं वातावरण चर्च ऑफ इंग्लंड जोपासू पाहील. शपथेची पद्धत मात्र तीच राहिली.

युरोपातल्या इतर राजघराण्यांनी हा विधी केव्हाच सोडला. फ्रान्समध्ये रीम्सला शेवटचा राज्याभिषेक १८२५ मध्ये झाला. डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे यांनी एकेक करून तो बंद केला. नॉर्वेत शेवटचा १९०६ चा. नेदरलँड्समध्ये राजा मुकुट न घालता फक्त शपथ घेतो. आणि मला विचाराल तर त्यांनी नेमकी मुद्द्याची गोष्ट तेवढी ठेवली.

ब्रिटनमध्ये तो टिकला याचं एक कारण ही इमारत टिकली हे आहे. आठव्या हेन्रीने १५४० मध्ये मठ बंद केला तेव्हा देशभरचे शेकडो मठ मोडीत निघाले, पण इथे राजांची थडगी होती. पहिल्या एलिझाबेथने १५६० मध्ये ॲबीला थेट राजसत्तेच्या अखत्यारीत घेतलं. आजही तिच्यावर कुठल्या बिशपचा अधिकार चालत नाही. १९४१ च्या मे महिन्यात बॉम्बफेकीत चौकावरचं छप्पर जळून खाली कोसळलं, नेमकं राज्याभिषेकाच्या जागेवर. बारा वर्षांनी त्याच जागी एलिझाबेथ यांना मुकुट घातला. त्यासाठी ॲबी कित्येक महिने बंद ठेवून आत बाकांचे मजले उभारले आणि आठ हजारांहून जास्त माणसं बसवली. चार्ल्स यांच्या वेळी ती संख्या दोन हजारांच्या थोडी वर होती.

लंडनला जाणं झालं तर खुर्ची पश्चिम दाराजवळच्या सेंट जॉर्ज चॅपेलमध्ये दिसते. तिथेच न थांबता पुढे चौकापर्यंत जा आणि वेदीकडे तोंड करून उभे राहा. साधूंची आसनं तुमच्या पाठीमागे राहतील, फरसबंदी पुढे असेल आणि दोन्ही बाहू उजव्या-डाव्या हाताला उघडे दिसतील. वेळ असेल तर जिना चढून वरच्या मजल्यावर जा. २०१८ पासून तिथे संग्रहालय आहे आणि चौदाव्या शतकातलं ‘लिबर रेगालिस’ हे हस्तलिखित तिथे ठेवलेलं आहे. राजाने कुठे उभं राहायचं, शपथ कधी घ्यायची, तेल कुठे लावायचं, हे सगळं त्यात क्रमाने लिहिलेलं आहे, आणि अजूनही विधी ठरवताना त्याचाच आधार घेतात.